वादळाचा इशारा आला की बडोद्यातल्या घरात काय काय करून ठेवायचं

दर वर्षी मे-जून आला की टीव्हीवर अरबी समुद्राचं ते चित्र फिरायला लागतं, मधे पांढरा गरगरणारा भोवरा, आणि आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं की अहो समुद्र कुठे आणि बडोदं कुठे, ते द्वारका-पोरबंदरवाल्यांनी बघायचं. हे आधी मनातून काढून टाका. तौक्ते १७ मे २०२१ च्या रात्री ऊना-दीवच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि मग गुजरातमधून वर सरकत गेलं, आणि तेव्हा कोविड चालू होता, घरोघरी ऑक्सिजनचं मशीन लावलेली माणसं होती, अशा घरात लाईट जाणं म्हणजे काय याचा विचार करा. २०२३ चं बिपरजॉय १५ जूनला कच्छमध्ये जखौपाशी आलं, आपण त्या मानाने सुटलो. पण २०२४ आठवा. ऑगस्टच्या शेवटी जे आपल्या डोक्यावर येऊन बसलं ते हवामान खात्याच्या भाषेत नुसतं डीप डिप्रेशन होतं, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं, त्याला वादळाचं नाव पण मिळालेलं नव्हतं, आणि तेवढ्याने विश्वामित्री काला घोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची पातळी २६ फूट आहे. मग ते पुढे सरकून कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं चक्रीवादळ झालं, असना. अरबी समुद्रात ऑगस्ट महिन्यात असं १९७६ नंतर पहिल्यांदाच झालं. म्हणजे आपल्याला बुडवून झाल्यावर ते वादळ झालं.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. आपल्या गावात वारा एका रात्रीचा असतो, पाणी आणि अंधार तीन-चार दिवसांचा असतो. तयारी करायची ती त्या तीन-चार दिवसांची. अमेरिकेत ज्यांची मुलं आहेत त्यांना मुलं फोनवर सांगतात आई खिडक्यांना प्लायवूड ठोकून घे, ते त्यांच्याकडच्या लाकडी घरांना बरोबर आहे, आपल्या विटा-सिमेंटच्या घराला आणि ग्रिलवाल्या खिडक्यांना पहिलं काम ते नाही.

पहिलं काम म्हणजे आपलं घर कुठल्या उंचीवर आहे ते माहीत करून घेणं, आणि हे वादळाच्या दिवशी करायचं काम नव्हे, आज करा. सोसायटीतल्या जुन्या माणसांना विचारा २०२४ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, २०१९ ला कुठपर्यंत (३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता), भिंतीवर डाग अजून असतील तर तिथे रंगाने रेघ मारून साल लिहून ठेवा. परशुराम भठ्ठा, मुजमहुडा, वडसर, समा-सावली रोड, अकोट्याचा नदीकडचा भाग, इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण नवीन फ्लॅट घेऊन राहायला आलेल्यांना खरंच माहीत नसतं, बिल्डर काही सांगत नाही. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, विश्वामित्री पावागढावरून येते, आजवा आणि प्रतापपुरा तलावांचं पाणी तिच्यातच येतं, त्यामुळे शहरात पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी पुढचे कितीतरी तास नदी चढत राहू शकते. लोक इथेच फसतात, पाऊस थांबला म्हणून वर ठेवलेलं सामान खाली आणतात आणि रात्री पाणी आत येतं. पुढे ही नदी ढाढरला मिळते, ढाढर पण भरलेली असली की पाणी उतरायला वेळ लागतो. म्हणून पावसाकडे नाही, काला घोड्याच्या आकड्याकडे आणि आजव्याच्या पातळीकडे लक्ष ठेवायचं.

त्या उंचीवरून मग ठरवायचं, राहायचं की निघायचं. तळमजला असेल आणि पूर्वी पाणी आलेलं असेल तर कुठे जायचं ते आधीच ठरलेलं हवं, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे का दांडिया बाजारातल्या आत्याकडे, आणि त्यांना विचारून ठेवलेलं हवं. कुठलाही निरोप न देता रात्री दोनला दार वाजवणं सगळ्यांनाच जड जातं. आणि महापालिकेची किंवा पोलिसांची गाडी येऊन निघा म्हणाली तर निघायचं, तिथे वाद घालत बसायचं नाही, अंधारात छातीभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसाला काढणं फार कठीण असतं.

इशाऱ्यांबद्दल थोडं. हवामान खातं साधारण ७२ तास आधी पहिली सूचना देतं, मग ४८ तास आधी अलर्ट, मग २४ तास आधी वॉर्निंग. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. ताशी ६२ किलोमीटरचा वारा झाला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळतं, पण वर सांगितलंच, आपल्यासाठी नाव असणं नसणं महत्त्वाचं नाही, पाऊस किती ते महत्त्वाचं. मोबाईलमध्ये मौसम, सचेत आणि विजेसाठी दामिनी ही तीन ॲप्स घालून ठेवा, सरकारी आहेत, फुकट आहेत. फॅमिली ग्रुपवर येणारे व्हिडिओ, आजवा फुटला वगैरे, ते पुढे पाठवू नका, कृपा करून, घाबरलेली माणसं अंधारात गाडी काढून निघतात आणि तेच जास्त धोक्याचं असतं. घरात एक सेलवर चालणारा छोटा रेडिओ असू द्या, नेटवर्क गेल्यावर तोच कामाला येतो.

आता अगाशी, म्हणजे गच्ची. वाऱ्याची जी काय तयारी आहे ती बहुतेक सगळी अगाशीवरच आहे. वर जाऊन एकदा नीट बघा की काय काय उडू शकतं: पत्रे, कुंड्या, जुनी खाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, कपडे वाळवायचा स्टँड, डिशची छत्री. जे उचलता येतं ते खाली आणा, जे येत नाही ते दोरीने खांबाला बांधा, दोन बाजूंनी. पत्र्याची शेड असेल तर तिचे नटबोल्ट कारागिराकडून मे महिन्याच्या आधी कसून घ्या, ऐन वेळी कोणी मिळत नाही. वरची प्लास्टिकची टाकी भरलेली ठेवा, रिकामी टाकी वाऱ्याने लवंडते, आणि भरलेली असली की लाईट नसताना पाणी पण मिळतं, दोन्ही कामं होतात. सोलर पॅनल लावलेत त्यांनी क्लॅम्प बघून घ्यावेत. आणि सोलरवाल्यांनो, हे जरूर वाचा: आपल्याकडे बहुतेकांची सिस्टिम ग्रिडला जोडलेली असते, ती बाहेरची लाईट गेली की आपोआप बंद होते, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. त्यामुळे छतावर पॅनल आहेत म्हणून घरात उजेड राहील असं धरून चालू नका, बॅटरी असेल तरच.

अगाशीचं पाणी उतरायचं तोंड साफ करा. हात घालून बघा, वरून झाडू मारून भागत नाही. त्यात उत्तरायणचा मांजा अडकलेला असतो, त्याला पानं, पिशव्या, कबुतरांची पिसं गुंडाळून एक घट्ट बोळा झालेला असतो, आणि पाण्याला जायला वाट नाही म्हणून ते अगाशीवर साठून छतातून झिरपतं. हातमोजा घाला, मांजा कापतो. तसंच स्लायडिंग खिडक्यांचं, खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात पाणी जायला, ती धुळीने बुजलेली असतात, जुन्या टूथब्रशने आणि सुईने मोकळी करा नाहीतर आडव्या पावसात अर्धा हॉल ओला होतो. काचांना चिकटपट्टीच्या फुल्या मारायची गरज नाही, त्याने काच फुटायची थांबत नाही, त्यापेक्षा पलंग आणि पाळणा खिडकीपासून लांब ओढा आणि जाड पडदे लावा. झोपाळा कड्यांवरून काढून ठेवा. घराला लागून मोठं झाड असेल, वाळलेल्या फांद्या असतील, तर वादळाच्या मोसमाआधी महापालिकेला अर्ज करून छाटून घ्या, स्वतः कोयता घेऊन चढू नका.

पाणी. नदीत पूर आणि नळाला पाणी नाही हे २०२४ मध्ये कितीतरी भागांनी बघितलं, पंपाला लाईट नाही की पाणी चढत नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोजचं ३ ते ४ लिटर धरा आणि ३ दिवसांचं भरा, चार माणसांच्या घराला ४० ते ५० लिटर झालं, जास्त वाटतं पण दोन मोठे जार आणि घरातले सगळे हंडे-कळशा भरले की होतं. पिण्याचं स्टीलच्या किंवा झाकणवाल्या भांड्यात, वापरायचं बादल्या-टबात. आरओ मशीन लाईटवर चालतं हे विसरू नका, म्हणून पिण्याचं गाळून आधीच भरायचं. फ्रीजरमध्ये बाटल्यांत पाणी भरून बर्फ करून ठेवा (बाटली थोडी रिकामी ठेवून), लाईट गेली की त्याने फ्रीज जास्त वेळ थंड राहतो आणि वितळलं की प्यायला होतं. क्लोरीनच्या गोळ्यांचं एक पाकीट मेडिकलमधून आणून ठेवा, किती पाण्याला किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं. जमिनीतली टाकी असेल तर तिचं झाकण घट्ट करून वर प्लास्टिक बांधा, पुराचं पाणी एकदा तिच्यात गेलं की ते पाणी कशाच्याच कामाचं राहत नाही, कारण त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं.

तळमजल्यावाल्यांनी आणखी एक करायचं. पाणी दारातून यायच्या आधी खूप वेळा मोरीतून आणि संडासातून वर येतं. एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड बांधून, ती कमोडमध्ये दाबून बसवा, आणि मोरीच्या जाळीवर पण तशीच एक. दारासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्या, जवळ कुठेतरी बांधकाम चालू असेलच, तिथून वाळू मागून आणा. गोणी गच्च भरायची नाही, अर्ध्याहून थोडी जास्तच, म्हणजे ती चपटी पडते आणि फटी राहत नाहीत, गच्च भरलेली गोल राहते आणि बाजूने पाणी येतं. आधी उंबऱ्याबाहेर जाड प्लास्टिक पसरा, त्यावर गोणी आडवी, तोंड खाली दुमडून, पायाने तुडवून बसवा, दुसरा थर लावताना विटांसारखा सांधा सोडून. याने पाणी पूर्ण थांबत नाही पण घरात येणारं गाळ-चिखल कमी होतं आणि तुम्हाला सामान वर चढवायला दोन तास मिळतात, ते दोन तास फार मोलाचे असतात.

सामान चढवताना क्रम ठरवा. आधी इन्व्हर्टरची बॅटरी, ती बहुतेक घरांत जमिनीवरच असते, तिच्यासाठी कायमचा उंच लोखंडी स्टँडच करून घ्या. मग गव्हा-तांदळाची कोठी, मग गाद्या, पुस्तकं, देवाचं, फोटोंचे आल्बम. फोटो परत मिळत नाहीत, सोफा मिळतो. कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करा. फ्रीज-वॉशिंग मशीनचे प्लग काढून शक्य असेल तर विटांवर चढवा.

लाईटचं सगळ्यात जपून. मेन स्विच आणि एमसीबी कुठे आहेत ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, दहा-बारा वर्षांच्या मुलाला सुद्धा, आणि मेन बंद करायचा तो जमीन कोरडी असतानाच. पाणी आत आलंय आणि मेन तुम्ही उभे आहात त्याच पाण्यात खाली आहे, तर त्याला हात लावायचा नाही, वर निघून जायचं. मीटर पार्किंगमध्ये खाली असतील तर सोसायटीने एकत्र येऊन ते वर घेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा, हे काम एका घराचं नाही. लिफ्ट पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करून ठेवा, लिफ्टच्या खड्ड्यात पहिलं पाणी भरतं आणि मग दुरुस्तीचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा, एक-दोन दिवे आणि मोबाईल चार्जिंग, टीव्ही लावून बसलं की संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते. टॉर्च आणि सेल प्रत्येक खोलीत एक, मेणबत्त्या शेवटचा उपाय, पडदे उडत असतात, झोप लागते, आग लागल्यावर बंब पण पाण्यातून येऊ शकत नाही. आणि जनरेटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, कळायच्या आत माणूस झोपेतच दगावतो.

खाण्याच्या बाबतीत आपण बडोदेकर खरं तर नशीबवान आहोत, दोन्हीकडचं आपल्या स्वयंपाकघरात असतं. खाकरे महिनाभर राहतात, थेपले दोन-तीन दिवस, दुधातल्या दशम्या पण तेवढ्याच, आणि सुखडी, गव्हाचं पीठ तुपावर खमंग भाजून गॅस बंद करून गूळ घालायचा, थाळीत थापायचं, वड्या पाडायच्या, झालं. गुजरातमध्ये कुठेही पूर आला की पाकिटांतून वाटतात ती सुखडीच, कारण ती खराब होत नाही, लहान मुलाला चालते, दात नसलेल्या आजोबांना चालते आणि दोन वड्यांत पोट धरतं. बरोबर लोणचं, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे-कुरमुरे. दडपे पोहे गॅस न पेटवता होतात. मेतकूट घरात असेल तर मऊ भात-तूप-मेतकूट, एका कुकरात सगळ्यांचं जेवण. पाइपचा गॅस असलेल्यांनी हे मुद्दाम बघा, लाइन बंद झाली तर तुमच्याकडे सिलिंडर नाही, आणि इंडक्शनला लाईट नाही, म्हणून न शिजवता खायचं पुरेसं हवं. फ्रीजमधलं आधी संपवा. लाईट गेल्यावर फ्रीजचं दार न उघडता साधारण ४ तास आतलं नीट राहतं, त्यानंतर दूध, पनीर, मासे-मटण यांचा विचार सोडून द्या. दुधाची पावडर एक पाकीट, चहा-साखर जास्तीची. घरात बाळ असेल तर त्याचं सगळं ५ दिवसांचं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, घरातली म्हातारी आणि आजारी माणसं. आपल्या रावपुरा-दांडिया बाजार-बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घरांत आणि कारेलीबागच्या बंगल्यांत कितीतरी काका-काकू दोघंच राहतात, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. त्यांच्यासाठी एक कागद करा. मोठ्या अक्षरात, जाड पेनाने, मराठीत आणि गुजरातीत दोन्ही, कारण मदतीला येणारा मुलगा बहुतेक गुजराती बोलणारा असणार. त्यावर नाव, वय, रक्तगट, कुठला आजार, कुठली गोळी किती वाजता, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, मुलाचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून फ्रीजच्या दारावर लावा आणि एक फोटो शेजारच्या बेनच्या मोबाईलमध्ये. गोळ्या १५ दिवसांच्या जास्तीच्या, मूळ पाकिटातच, सुट्या डबीत काढून ठेवू नका, कोणती कुठली ते दुसऱ्याला कळत नाही. चष्मा जुना असला तरी एक जास्तीचा, कानाच्या मशीनचे सेल, कवळीची डबी, काठी. रात्री हे सगळं उशाशी एका पिशवीत.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाबरायचं नाही, वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक वेळा थंड सावलीत काही आठवडे चालतं, तुमच्या डॉक्टरांना तुमच्या इन्सुलिनचं विचारून त्या कागदावरच लिहून ठेवा. बाकीचा साठा वॉटरप्रूफ पिशवीत घालून मातीच्या मडक्यात, मडकं ओल्या फडक्याने गुंडाळून. बर्फाला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं असतं. डायलिसिस असेल तर इशारा आल्याबरोबर सेंटरला फोन करून तारीख अलीकडे घ्यायला सांगा. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर एक भरलेलं सिलिंडर बाजूला हवंच. नववा महिना लागलेल्या सुनेला-लेकीला नदीच्या बाजूच्या घरातून हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे हलवा, रेड अलर्टची वाट बघू नका.

आणि तुमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी कुठे राहतात हे विचारा. बहुतेक वेळा त्यांचं घर नदीच्या जास्त जवळ असतं. इशाऱ्याच्या दिवशी त्यांना सुट्टी द्या, पगार आधी द्या, आणि तुमच्याकडे वर जागा असेल तर मुलांना घेऊन या म्हणून स्पष्ट सांगा, त्या आपणहून मागणार नाहीत.

कागदपत्रं: घराचे दस्तऐवज, आधार, रेशनकार्ड, पासबुक, विमा, मार्कशीट, पासपोर्ट, हे झिपवाल्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात. फोटो काढून डिजिलॉकरमध्ये किंवा ईमेलवर. रोख पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण नेटवर्क नसलं की यूपीआय नाही आणि लाईट नसली की एटीएम नाही. पॉवर बँक भरलेली. नंबर डायरीत लिहिलेले: ११२, ॲम्ब्युलन्स १०८, जिल्ह्याचा कंट्रोल रूम १०७७, राज्याचा १०७०, सिलिंडरच्या गॅस गळतीला १९०६, आणि वीज कंपनीचा जो बिलावर असतो तो. फोन लागत नसेल तर एसएमएस करा, तो बरेचदा जातो.

गाडी बेसमेंटमधून आधीच काढा आणि उंचावरच्या ओळखीच्या सोसायटीत लावून या. बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही, एकदा सुद्धा नाही, इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतला रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. टोइंग करून न्यायची. घराचा विमा पण बघा, भारत गृह रक्षा नावाची स्टँडर्ड पॉलिसी २०२१ पासून आहे, त्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात, आणि आपल्याकडे फार कमी लोक घेतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाऱ्याच्या रात्री सगळ्यांनी आतल्या खोलीत, काचांपासून लांब. हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडकी उघडी ठेवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सगळ्या घट्ट बंद. वादळाचा मधला भाग कधी डोक्यावरून गेला तर वारा एकदम पडतो, शांत होतं, आणि मग उलट्या दिशेने तेवढाच जोरात येतो, म्हणून वारा पडला की लगेच बघायला बाहेर जायचं नाही. पाळीव कुत्रा आत, बांधलेली गाय असेल तर दावं सोडून द्या.

पाणी रस्त्यावर आलं की त्यात उतरणं शक्य तेवढं टाळा. वाहतं पाणी घोट्याच्या जरा वर, सहा इंच असलं तरी माणसाचा पाय सुटतो. उघडी गटारं दिसत नाहीत, विजेची तुटलेली तार दिसत नाही. आणि आपल्या गावाची वेगळी गोष्ट म्हणजे मगरी, विश्वामित्रीत आणि आसपास २०२५ च्या मोजणीत ४०० च्या वर निघाल्या, पूर आला की त्या पण पाण्याबरोबर सोसायटीत येतात. मगर दिसली तर मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, लांब राहा, वन विभागाला किंवा ११२ ला कळवा, काठीने ढोसायचं नाही, जवळ जाऊन व्हिडिओ काढायचा नाही. तिला पाणी उतरलं की परतच जायचं असतं. सापांचं तसंच, ते कोरडी जागा शोधत येतात, चपलांच्या स्टँडमध्ये, गाद्यांच्या घडीत, म्हणून हात घालायच्या आधी काठीने हलवा. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालू न देता सरळ सयाजी हॉस्पिटल.

पाणी उतरल्यावर घाई करू नका. आधी फोटो आणि व्हिडिओ, भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, प्रत्येक वस्तू, विम्याला आणि पंचनाम्याला लागतं, मग साफसफाई. गाळ ओला असतानाच काढा, सुकला की तो फरशीला धरून बसतो आणि उडाला की खोकला लागतो. बूट आणि हातमोजे घालूनच, पायाला कुठे कापलेलं असेल तर झाकून, कारण या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो, आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरलो होतो हे आपणहून सांगा. जुलाब लागले आणि ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. भिजलेलं धान्य, उघडी औषधं, लहान मुलांची कापसाची खेळणी टाकून द्या, जीव तुटतो पण टाका. पाणी शिरलेले बोर्ड इलेक्ट्रिशियनने उघडून सुकवल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, मोटर आणि फ्रीज पण तपासूनच. जमिनीतली टाकी पूर्ण उपसा, घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, ते पाणी काढून टाका, पुन्हा भरा, आणि निदान आठवडाभर प्यायचं पाणी खळखळ उकळूनच घ्या, नळाला स्वच्छ दिसत असलं तरी.